पॉल रोबसन : पासपोर्ट गेला, गाणे थांबले नाही

एप्रिल लागला की आपल्या वस्त्यांत भीमगीतांचे सूर घुमू लागतात. याच महिन्यात, ९ एप्रिल १८९८ रोजी, अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे पॉल रोबसन यांचा जन्म झाला. वडील गुलामीतून पळून सुटलेले, पुढे धर्मोपदेशक झालेले. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथेच काही वर्षांनी रोबसन कायदा शिकले आणि १९२३ मध्ये पदवीधर झाले. पण वकिलीच्या कचेरीत गोऱ्या सेक्रेटरीने कृष्णवर्णीय वकिलाने सांगितलेला मजकूर लिहून घ्यायला नकार दिला. पदवी हातात असूनही जन्म आडवा येतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. रोबसन यांनी वकिली सोडली आणि रंगमंच धरला.

१९२५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी एक संपूर्ण कार्यक्रम आपल्याच लोकांच्या गाण्यांचा केला. गुलामीत राबणाऱ्यांनी रचलेली ती गाणी होती. ‘ओल मॅन रिव्हर’ या गाण्याने त्यांना कीर्ती दिली, पण त्यातला हताशपणा त्यांना पटेना. पुढे त्यांनी शब्दच बदलले आणि शरणागतीच्या जागी लढा आणला. १९४२ मध्ये कॅन्सस सिटीत श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसवल्याचे दिसताच त्यांनी मंचावरूनच निषेध केला.

ते परदेशात जाऊन अमेरिकेतील वर्णभेदावर बोलत, सोव्हिएत रशियाची बाजू घेत. सरकारला हे खटकले. १९५० मध्ये त्यांचा पासपोर्ट रद्द झाला, देशातली सभागृहेही मिळेनाशी झाली. १९५२ मध्ये कॅनडाच्या खाणकामगारांनी बोलावले, तर सीमेवर अडवले गेले. मग मे महिन्यात ते सीमेलगत ट्रकवर उभे राहून गायले. ऐकायला दोन्ही बाजूंना हजारो लोक जमले. १९५७ मध्ये वेल्सच्या खाणकामगारांसाठी ते चक्क टेलिफोनवरून गायले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पासपोर्ट परत मिळाला. २३ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

रोबसन यांचे आयुष्य वाचताना आम्हाला भीमराव कर्डकांचे जलसे आठवतात. हाती साधने थोडी, पण गाण्यातून बाबासाहेबांचा विचार गावकुसाबाहेरच्या माणसापर्यंत पोहोचत होता. आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि शाहिराच्या मानधनाला मात्र वर्गणी उरत नाही. आपला आवाज कोणी बंद केलेला नाही. आपणच तो गोंगाटात बुडवतो आहोत. म्हणून आमची प्रत्येक जयंती मंडळाला विनंती आहे : यंदा निदान एक संध्याकाळ शाहिराला द्या, आणि पहिल्या रांगेत तरुणांना बसवा.

जय भीम!