घाट आखला, पण पाहिला नाही

मैत्रिणींनो, कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लागली, की इगतपुरी आलीच म्हणून आपण पिशव्या आवरायला घेतो. पण हा थळघाटाचा रेल्वेमार्ग आखणारे जेम्स बर्कले कितीजणींना माहीत आहेत?

१८१९ मध्ये इंग्लंडात जन्मलेले बर्कले १८५० मध्ये जीआयपी रेल्वेचे मुख्य इंजिनीअर म्हणून मुंबईला आले. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. मग सह्याद्रीचं आव्हान! सदतीस फुटांमागे एक फूट चढ, वाटेत बोगदे आणि पूल. हजारो मजूर राबले. बायाबापड्यांनी डोक्यावरून दगडमाती वाहिली. प्रकृती ढासळली म्हणून बर्कले मायदेशी परतले आणि १८६२ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. घाटातून गाडी सुरू झाली १८६५ मध्ये. आपलं गाव रेल्वेचं गाव झालं, ते त्यांनी पाहिलंच नाही. पुढच्या वेळी बोगद्यात अंधार झाला, की त्यांची आणि त्या अनाम बायांची आठवण जरूर काढा.