जीवदयेला यंत्राची जोड देणारे लुईस गोम्पर्ट्झ

मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ स्थापन झाली, हा इतिहास जीवदयेच्या कार्याशी जोडलेल्या कुटुंबांना परिचित आहे. त्याच सुमारास सातासमुद्रापार लंडन शहरात एक गृहस्थ मांस, दूध, अंडी, चामडे आणि रेशीम या सर्वांचा त्याग करून राहत होते. घोड्यांचे हाल पाहवत नाहीत म्हणून ते घोडागाडीतही बसत नसत. विशेष म्हणजे हे गृहस्थ धर्मोपदेशक नव्हते, तर यंत्रे घडविणारे संशोधक होते. त्यांचे नाव लुईस गोम्पर्ट्झ.

त्यांचा जन्म १७८३-८४ च्या सुमारास लंडनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील हिऱ्यांचे व्यापारी होते आणि घरात भावंडांचा मोठा गोतावळा होता. त्या काळी इंग्लंडच्या विद्यापीठांचे दरवाजे ज्यूंना बंद होते. त्यामुळे या मुलांनी जे ज्ञान मिळविले ते बहुतांशी स्वतःच्या बळावर. थोरले बंधू बेंजामिन हे पुढे नामवंत गणिती झाले. मृत्यूचे प्रमाण वयानुसार कसे वाढत जाते याचा त्यांनी १८२५ साली मांडलेला नियम विमाशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लुईस यांचा ओढा मात्र लेथ, चाके आणि दातेरी चक्रे यांकडे होता.

त्यांचे यंत्रप्रेम आणि त्यांची करुणा ही दोन वेगळी दालने नव्हती. तत्कालीन लंडन घोड्यांच्या पाठीवर चालत असे. अवजड गाड्या, खराब रस्ते आणि चाबूक हे रोजचेच दृश्य होते. प्राण्याला कष्टातून सोडवावयाचे तर त्याचे काम दुसऱ्या कशाने तरी व्हावयास हवे, हे गोम्पर्ट्झ यांनी ओळखले. जर्मनीत ड्राइस यांनी १८१७ साली दोन चाकांचे वाहन तयार केले होते. त्यावर बसून पायांनी जमीन मागे रेटावी लागे. गोम्पर्ट्झ यांनी १८२१ साली त्याला हाताने ओढावयाचा दांडा आणि दातेरी चक्राची योजना जोडून पुढचे चाक थेट फिरविण्याची सोय केली. पायटे असलेली सायकल प्रचारात येण्यास त्यानंतर सुमारे चार दशके लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे या कल्पनेचे मोल कळते. गाडीच्या चाकाऐवजी पावलांप्रमाणे एकामागून एक जमिनीवर टेकणाऱ्या भागांची रचनाही त्यांनी सुचविली. ती मात्र व्यवहारात रुजली नाही. लेथवर वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू घट्ट धरणारा त्यांचा प्रसरणशील चक इंग्लंडमधील कारखान्यांत सर्वत्र वापरला गेला. तो वापरणाऱ्या किती कारागिरांना त्यांचे नाव ठाऊक होते, कोण जाणे!

१८२४ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे लांबलचक शीर्षकच त्यांच्या मनाचा आरसा आहे. मनुष्य व पशू यांच्या स्थितीचा नैतिक विचार, प्राण्यांवरील क्रौर्य, त्यासंबंधीचा कायदा, भटक्यांविषयीचा कायदा, तुरुंगातील पायचक्क्या आणि शेवटी गाडीच्या चाकांना पर्याय, एवढे विषय त्यांनी एकाच पुस्तकात घेतले! ग्रंथातील युक्तिवादाची मांडणी भूमितीसारखी आहे. प्रथम स्वयंसिद्ध विधाने, मग त्यांवरून निष्कर्ष आणि सोबत आक्षेप घेणाऱ्याशी संवाद. प्राण्याचे शरीर त्याचे स्वतःचे आहे, दुसऱ्याच्या उपयोगासाठी ते हिरावून घेण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. दूध वासरासाठी असते, म्हणून तेही त्यांनी वर्ज्य मानले.

त्याआधी दोनच वर्षे, १८२२ साली, खासदार रिचर्ड मार्टिन यांच्या प्रयत्नाने घोडे, गुरे व मेंढ्या यांना क्रूरपणे वागविणाऱ्यास दंड करणारा कायदा संमत झाला होता. परंतु कायद्याची अंमलबजावणी कोण करणार? या प्रश्नातून १६ जून १८२४ रोजी लंडनच्या ओल्ड स्लॉटर्स या कॉफीगृहात प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था स्थापन झाली. (इंग्रजीत या नावाचा अर्थ कत्तल असा होत असला, तरी ते मूळ मालकाचे आडनाव होते.) धर्मगुरू आर्थर ब्रूम हे पहिले कार्यवाह. गुलामगिरीविरोधी लढ्याचे नेते विल्यम विल्बरफोर्स हेही संस्थापकांत होते. गोम्पर्ट्झ आरंभापासून संस्थेशी निगडित होते.

कामाचा उत्साह मोठा, पण तिजोरी रिकामी. संस्थेच्या कर्जापायी १८२६ साली ब्रूम यांना तुरुंगात जावे लागले. त्यांच्या सुटकेसाठी मार्टिन व गोम्पर्ट्झ यांनी पैसा उभा केला. नंतर कार्यवाहपदाची धुरा गोम्पर्ट्झ यांच्याकडे आली आणि मोडकळीस आलेली ही संस्था त्यांनी चिकाटीने जिवंत ठेवली.

ज्या संस्थेला त्यांनी सावरले, त्याच संस्थेने पुढे त्यांना परके ठरविले. गोम्पर्ट्झ यांची मते पायथागोरसच्या पंथाची, म्हणजे मांसाहाराचा सर्वस्वी निषेध करणारी आहेत, असा आक्षेप घेतला गेला. १८३२ साली संस्थेचे कार्य केवळ ख्रिस्ती श्रद्धा व तत्त्वे यांच्या पायावर चालावे, असा ठराव झाला. ज्यू कार्यवाहाला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. त्यांनी पद सोडले. मुक्या जीवांवरील दयेला एका धर्माचे कुंपण घालणे ही त्या चांगल्या माणसांची चूकच म्हटली पाहिजे.

गोम्पर्ट्झ घरी बसले नाहीत. थॉमस फॉर्स्टर या निसर्गअभ्यासकाच्या साहाय्याने त्यांनी १८३३ साली ‘ॲनिमल्स फ्रेंड सोसायटी’ ही नवी संस्था काढली. तिचे दरवाजे सर्व धर्मीयांना खुले होते. संस्थेच्या नियतकालिकाचे संपादन ते स्वतः करीत. क्रौर्य करणाऱ्यांवर खटले भरणे, वृत्तान्त छापणे, लोकमत तयार करणे असे त्या कामाचे स्वरूप होते. १८३५ साली जोसेफ पीझ यांनी मांडलेल्या कायद्याने बैल व अस्वलांच्या झुंजी आणि कोंबड्यांच्या लढती यांवर बंदी आली व कुत्र्यांनाही संरक्षण मिळाले. याचे श्रेय कोणा एकाचे नव्हे. पण त्यामागे जे लोकमत उभे राहिले, त्यात या संस्थेचा वाटा होता. कुत्र्यांना गाडीला जुंपण्याची तेव्हा सर्रास चाल होती. १८३९ च्या पोलीस कायद्यान्वये लंडनच्या चॅरिंग क्रॉसपासून १५ मैलांच्या परिसरात ती थांबविण्यात आली. पुढे, १८५४ साली, हा नियम देशभर लागू झाला.

प्रकृती ढासळल्यामुळे १८४६ साली गोम्पर्ट्झ यांनी निवृत्ती पत्करली आणि संस्थेचा जोर ओसरला. दुसऱ्याच वर्षी पत्नी ॲन निवर्तल्या. मूळ संस्थेला मात्र १८४० मध्येच राणी व्हिक्टोरिया यांच्याकडून ‘रॉयल’ हे बिरुद लाभले होते. एकाकीपणातही त्यांची लेखणी थांबली नाही. १८५२ साली प्राण्यांच्या बाजूने लिहिलेल्या लेखांचा त्यांचा संग्रह प्रकाशित झाला. २ डिसेंबर १८६१ रोजी लंडनच्या केनिंग्टन भागात श्वासनलिकेच्या विकाराने त्यांचे देहावसान झाले. त्यांचा १८२४ चा ग्रंथ दीर्घकाळ विस्मृतीत गेला होता. १९९२ साली तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी संपादित करून तो पुन्हा वाचकांपुढे आणला.