जॉन हॉवर्ड

जॉन हॉवर्ड (१७२६ – २० जानेवारी १७९०) हे इंग्लंडमधील तुरुंग-सुधारक होत. कैद्यांच्या आरोग्याची काळजी घेणे हे तुरुंग चालवणाऱ्यांचे कर्तव्य आहे, ही गोष्ट इंग्लंडच्या कायद्यात येण्यास मुख्यतः त्यांचे परिश्रम कारणीभूत झाले.

१७७३ मध्ये ते बेडफर्डशर परगण्याचे हाय शेरीफ झाले. हे पद बरेचसे शोभेचे मानले जाई. हॉवर्ड मात्र स्वतः तुरुंगात जाऊन पाहू लागले. निर्दोष ठरलेली माणसेही जेलरची फी देता न आल्याने आत खितपत पडलेली त्यांना आढळली. जेलरला पगार नसे, कैद्यांच्या फीवरच त्याचे पोट चाले. त्याला वेतन द्यावे, असे हॉवर्ड यांनी सुचवताच न्यायाधीशांनी पूर्वदाखला मागितला. तो शोधायला हॉवर्ड शेजारच्या परगण्यांत हिंडले. दाखला मिळाला नाही. तुरुंगज्वर मात्र जागोजागी दिसला.

तुरुंगज्वर म्हणजे टायफस. तो उवांमुळे पसरतो, हे १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी दाखवले. हॉवर्ड यांच्या काळी दूषित हवेला दोष दिला जाई. फाशीपेक्षा या ज्वरानेच अधिक कैदी मरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि तो गजांआड थांबत नसे. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्याची लागण होऊन लॉर्ड मेयर व न्यायाधीशही दगावले होते. तुरुंगाच्या खिडक्यांवरील कर जेलरच्या माथी असल्याने खिडक्या बुजवण्याकडे त्याचा कल असे. हॉवर्ड यांच्या कपड्यांना इतकी दुर्गंधी येई की बंद गाडीऐवजी ते घोड्यावरून प्रवास करीत.

१७७४ मध्ये त्यांनी संसदेपुढे साक्ष दिली आणि त्याच वर्षी दोन कायदे झाले. पहिल्याने निर्दोष सुटलेल्यांची फी रद्द झाली. दुसऱ्याने भिंती व छते दरवर्षी खरवडून चुना लावणे, खोल्यांत हवा खेळती ठेवणे, आजारी स्त्रीपुरुषांसाठी वेगळ्या खोल्या, स्नानाची सोय आणि वैद्याची नेमणूक आवश्यक ठरवली. कारणाविषयीचा समज चुकीचा असला तरी उपाय पुष्कळसे योग्यच होते, कारण स्वच्छतेने उवाही कमी होतात. हॉवर्ड यांनी या कायद्यांच्या प्रती स्वखर्चाने छापून जेलरांना पाठवल्या. अंमलबजावणी मात्र अनेक ठिकाणी झालीच नाही. त्यांनी पुन्हा फिरून पाहिले आणि १७७७ मध्ये इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांच्या स्थितीवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

पुढे ते प्लेगच्या विलगीकरणगृहांच्या अभ्यासाकडे वळले. त्यासाठी मुद्दाम संशयित जहाजातून व्हेनिसला जाऊन त्यांनी स्वतः विलगीकरण भोगले. खेरसन (आता युक्रेन) येथे ज्वराने त्यांचे निधन झाले. हयातीत आपला पुतळा उभारण्याचा बेत त्यांनी थांबवला होता. मृत्यूनंतर तो लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये उभा राहिला.