झाँ मोने : निवडणूक न लढता सहा सरकारांच्या हातून कोळसा काढून घेणारा माणूस

युरोपियन युनियनमध्ये आज 27 देश आहेत. ब्रसेल्समध्ये ठरलेला नियम या देशांच्या घरच्या कायद्यांवर मात करतो. सार्वभौम देश हे मुळात कबूल कसे झाले? उत्तर शोधत मागे गेलं की एका ब्रँडी विकणाऱ्या माणसापाशी येऊन थांबावं लागतं.

झाँ मोनेचा जन्म 9 नोव्हेंबर 1888 चा, फ्रान्समधल्या कॉन्यॅक गावचा. वडिलांचा ब्रँडीचा व्यापार. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा धंदा शिकायला लंडनला गेला. पुढे कॅनडापर्यंत ब्रँडी विकत फिरला. कॉलेजचं तोंडही पाहिलं नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि ब्रिटन जहाजं, गहू वेगवेगळे मिळवत होते. दोघांची खरेदी आणि वाहतूक एकत्र करा, हे पटवायला हा पंचविशीतला पोरगा थेट फ्रेंच पंतप्रधानांना भेटला. ते पटलंही. युद्धानंतर तो राष्ट्रसंघाचा उपमहासचिव झाला, पण तिथे त्याला खरा धडा मिळाला. महत्त्वाच्या निर्णयाला सगळ्यांची संमती लागायची, म्हणजे एकजण अडला की गाडी ठप्प. 1923 मध्ये तो घरच्या धंद्यात परतला.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्सला पुन्हा जर्मनीचीच धास्ती होती. तोफा बनतात पोलादापासून, पोलाद बनतं कोळशावर. मोनेने मग मसुदा केला : दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक संस्थेकडे द्यायचं आणि तिचा निर्णय सरकारांवर बंधनकारक ठेवायचा. परराष्ट्रमंत्री रोबेर शूमाँ यांनी 9 मे 1950 रोजी तो जाहीर केला. इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्गही आले. ब्रिटन बाहेर राहिलं. लहान देशांना मात्र एवढी सत्ता नऊ जणांच्या हाती देववेना, म्हणून त्यांनी मंत्र्यांची परिषद जोडून घेतली. या बाबतीत मोनेपेक्षा तेच जास्त व्यवहारी होते, असं मला वाटतं.

ऑगस्ट 1952 मध्ये मोने लक्झेंबर्गमध्ये या ‘उच्च प्राधिकरणा’चा पहिला अध्यक्ष झाला. प्राधिकरण कारखान्यांकडून थेट कर घेऊ लागलं. रेल्वेचं भाडं हे तर मजेशीर प्रकरण होतं. अंतर वाढलं की दर कमी व्हायचा, पण सीमा आली की हिशोब शून्यापासून सुरू, जणू माल उतरवून पुन्हा चढवलाय! 1955 मध्ये हा प्रकार बंद करायला लागला. म्हणजे देशाच्या रेल्वेचं दरपत्रकही आता एकट्या देशाचं राहिलं नाही.

सगळ्यात जड गेलं ते बेल्जियमला. तिथल्या खाणी जुन्या, खोल, महागड्या. खुल्या बाजारात त्या टिकणं अवघड, म्हणून पाच वर्षं जर्मन आणि डच कोळशावरच्या वर्गणीतून त्यांना मदत मिळाली. अट एकच : खाणी सुधारा. पण सुधारणा रेंगाळल्या. 1958 मध्ये कोळशाची मागणी घसरली आणि खाणी बंद करायची पाळी आली. फेब्रुवारी 1959 मध्ये बोरिनाझ भागातले खाणकामगार संपावर गेले. प्राधिकरणाने आणीबाणी मानून उत्पादनावर मर्यादा घालायचं ठरवलं, तर सरकारांनीच परिषदेत ते अडवलं. कामगाराने जाब विचारायचा कोणाला, ब्रसेल्समधल्या मंत्र्याला की लक्झेंबर्गमधल्या अधिकाऱ्याला?

मोने तोवर तिथे नव्हता. 1954 मध्ये सामाईक युरोपियन सैन्याचा करार फ्रेंच संसदेनेच फेटाळला. त्यानंतर त्याने पद सोडायचं ठरवलं आणि 1955 मध्ये तो बाहेर पडला. मग पक्ष आणि कामगार संघटनांचे नेते जमवून वीस वर्षं पडद्याआडून खटपट करत राहिला. 16 मार्च 1979 रोजी तो गेला. शंभराव्या जन्मदिनी त्याच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवल्या. कोळसा-पोलादाचा करार पन्नास वर्षांचाच होता, तो 2002 मध्ये संपला. तोवर बेल्जियममधली शेवटची खाण बंद होऊन दहा वर्षं झाली होती.