विष्णुपंत पागनीस: तुकोबांचा चेहरा झालेला नट

यवतमाळच्या एखाद्या देवघरात तुकोबांचा फोटो दिसला, तर नीट बघा. त्यात विष्णुपंत पागनीस दिसण्याची शक्यता बरीच आहे!

१८९२ साली जन्मलेले पागनीस रंगभूमीवर स्त्री-भूमिका करायचे. त्यामुळे ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’साठी (१९३६) त्यांची निवड झाली तेव्हा काहींना शंका होती, हावभाव बायकी वाटतील. पण दामले-फत्तेलाल दिग्दर्शित या सिनेमात तोच मऊपणा कामी आला. सिनेमात जिजाई कडाडत असते, पागनीस मात्र जवळजवळ काहीच करत नाहीत. नुसते बघतात, गातात. अभिनय दिसतच नाही, म्हणून नजर हटत नाही. लोक त्यांच्या पाया पडायचे म्हणतात. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही या सिनेमाचा गौरव झाला.

पुढे त्यांनी ‘तुलसीदास’, ‘नरसी भगत’ केले. १९४३ मध्ये ते गेले. फोटोतले तुकोबा तेवढे राहिले.