नळीच्या सुईचा हकीम : अम्मार अल-मौसिली

आपल्या घरांतली बुजुर्ग माणसं मोतीबिंदू झाला की डोळ्यात पाणी उतरलं असं म्हणतात. युनानी हकीम त्याला नुजूल-उल-मा म्हणत, अर्थ तोच. या आजारावर हजार वर्षांपूर्वी नवी वाट काढणारे हकीम म्हणजे अम्मार बिन अली अल-मौसिली.

अम्मार मूळचे इराकमधल्या मोसुलचे. खुरासान, शाम, फिलिस्तीन असं फिरत, लोकांचे डोळे बरे करत ते इजिप्तला पोहोचले. तिथे फातिमी खलिफा अल-हाकिम (९९६ ते १०२१) यांच्या काळात त्यांनी डोळ्यांच्या आजारांवर अल-मुन्तखब हा ग्रंथ लिहिला. त्यात स्वतः केलेल्या मोतीबिंदूच्या सहा ऑपरेशनांची हकिगत आहे.

तेव्हा मोतीबिंदू सुईने खाली ढकलत आणि रुग्णाला उताणं झोपवून ठेवत. तबरियाचा एक रुग्ण उताणा झोपूच शकत नव्हता. अम्मारांनी पोकळ सुईने त्याचा मोतीबिंदू ओढून काढला. त्याला लगेच दिसलं; सात दिवस फक्त पट्टी राहिली. ही सुई मऊ मोतीबिंदूलाच चालायची.

पण सुई हातात घेण्याआधी त्या काळचे जाणकार कह्हाल डोळ्याची बाहुली तपासायचे. ती लहानमोठी होत नसेल, तर दोष मागच्या नसेत आहे, ऑपरेशनचा फायदा नाही, असं ते मानत.

हेच आम्हाला जुहू गल्लीत आठवलं. ओळखीतल्या एका चाचींना वीस वर्षांची शुगर. लेन्स बसली, तरी नजर धूसरच. घरचे म्हणाले, ऑपरेशन बिघडलं. खरं तर शुगरने पडदा आधीच खराब झाला होता. हकीम या पडद्याला शबकिया, म्हणजे जाळीदार, म्हणत. लेन्स कितीही स्वच्छ असली तरी चित्र उमटतं ते याच पडद्यावर.

पडद्याचा आजार असला तरी ऑपरेशन होऊ शकतं. मात्र तारीख घेण्याआधी थेंब टाकून पडदा तपासून घ्या. मोतीबिंदू दाट असेल तर डोळ्याची सोनोग्राफी होते. पडद्याला सूज असेल तर तिच्यावर आधी इलाज करावा लागू शकतो. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी महागडी लेन्स अशा डोळ्याला सहसा मानवत नाही. आणि डॉक्टरांना सरळ विचारा : नजर किती परत येईल?

हजार वर्षांपूर्वीचे कह्हालही सुई उचलण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारत होते.