तुळाजी आंग्रे
तुळाजी आंग्रे हे अठराव्या शतकातील मराठा आरमाराचे सरखेल होते. ते कान्होजी आंग्रे यांचे पुत्र. बंधू संभाजी यांच्या निधनानंतर विजयदुर्ग (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा) त्यांच्या ताब्यात आला व पुढे सरखेलपदही मिळाले.

किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. दस्तक नसलेली जहाजे ते पकडत. त्यांच्या दृष्टीने हा सागरी सत्तेचा हक्क होता. इंग्रजांच्या लेखी ती चाचेगिरी होती.

तुळाजी पेशव्यांचेही वर्चस्व जुमानत नसत. त्यामुळे बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी त्यांच्याविरुद्ध करार केला. त्याच वर्षी विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग जिंकला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या तोफांच्या माऱ्यात विजयदुर्गाजवळ आंग्र्यांचे आरमार जळाले व रॉबर्ट क्लाइव्हच्या सैन्याने किल्ला घेतला. तुळाजी पेशव्यांच्या स्वाधीन झाले; त्यांचे उर्वरित आयुष्य कैदेत गेले.

जिंकलेला विजयदुर्ग इंग्रजांनी पेशव्यांना लगेच दिला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहानंतर तो परत मिळाला, बाणकोट मात्र इंग्रजांकडे राहिले. चाचेगिरीच्या बंदोबस्तासाठी झालेल्या या संयुक्त मोहिमेत मराठ्यांचे प्रबळ आरमार नष्ट झाले आणि पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांचा मोठा प्रतिस्पर्धी उरला नाही.